खेचरवाल्याची तिथी

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. इंदिरानगरातील माझ्या घरासमोर दिगंबरची गाडी येऊन उभी राहिली आणि हा प्रवास सुरू झाला. जाण्याचे ठिकाण कोहिमा, नागालँड. कारण घरगुती होते. माझे थोरले चुलते सखाराम दुसऱ्या महायुद्धात चौदाव्या सेनेबरोबर तिकडे गेले आणि परत आले नाहीत. त्यांचे नाव कोहिमाच्या युद्धस्मारकावर आहे, असे मला गेल्या वर्षी समजले. माझे वय अठ्ठ्याहत्तर. हे काम आणखी पुढे ढकलण्याजोगे नव्हते.

दिगंबर हा माझ्या दिवंगत भावाचा मुलगा. विंचूरला कांद्याचा व्यापार करतो आणि आमच्या गावचा उपसरपंच आहे. गावाच्या वेशीवर सखारामांच्या स्मरणार्थ काळा दगड बसवायचा, हा ठराव त्याचा. दगडावर काय कोरायचे हे मी परत आल्यावर सांगेन, तोवर टाकी लावायची नाही, ही अट माझी. ती त्याने मान्य केली होती. निदान मान हलवली होती.

ओझरच्या विमानतळावर तपासणीच्या ठिकाणी त्याच्या काखेतील लांबलचक गुंडाळी उघडण्यास सांगण्यात आले. तो फ्लेक्स होता. त्यावर पोलादी शिरस्त्राण घातलेला, पिळदार मिशांचा एक इसम मशीनगन रोखून उभा होता. मागे ज्वाळा, वर तिरंगा. खाली अक्षरे: ‘शत्रूशी लढता लढता वीरमरण’. तपासणीच्या जवानाने त्या चित्राला सलाम ठोकला. दिगंबरने माझ्याकडे अभिमानाने पाहिले.

“हा कोण?” मी विचारले.

“आपले आजोबा, नाना.”

“त्यांचा एकही फोटो घरात नाही.”

“मोबाईलवर बनवून घेतला. घरातल्या समद्यांचे फोटो दिले, त्यानं चेहरा काढला. नाक तुमचंच हाय बघा.”

मी त्या नाकाकडे पाहिले नाही. १९४४ साली त्या सैन्यावर कोणाचा ध्वज फडकत होता, एवढे तरी उपसरपंचास ठाऊक असावे, असे म्हणालो. त्यावर तो म्हणाला, “मग काय इंग्रजाचा झेंडा लावू व्हय वेशीवर?”

वाचकांना मूळ गोष्ट सांगणे आवश्यक आहे. सखाराम नाशिकरोड स्टेशनवर टांगा चालवीत. जनावर हाताळण्यात वाकबगार, म्हणून देवळालीच्या छावणीतील भरतीवाल्याने त्यांना खेचरांच्या तुकडीत घेतले. त्यांच्याजवळ बंदूक असलीच तर नावापुरती. दारूगोळा, तांदूळ, पाण्याचे डबे आणि परतताना जखमी माणसे खेचरांवर लादून डोंगर चढायचे, उतरायचे, हे त्यांचे काम. त्याच तुकडीतील शेजारच्या गावचा एक सोबती लढाई संपल्यावर घरी परतला. तो माझ्या वडिलांना भेटला आणि म्हणाला, “ताप आला. आठवडाभर फणफणला. दिवाळीनंतरच्या अवसेला गेला. शेवटचं पाणी मी पाजलं.”

वडिलांनी हे ऐकले आणि त्या वर्षीच्या पितृपक्षात भावाचे श्राद्ध चतुर्दशीला घातले. आमच्याकडे पक्षातील चतुर्दशी शस्त्राने मेलेल्यांसाठी राखलेली असते. जो तापाने गेला त्याचे पान त्या दिवशी मांडत नाहीत. पण गावात तार आली होती, लढाईत गेला असे सगळीकडे झाले होते आणि भटजी म्हणाले, “लढाईत गेला म्हणजे शस्त्रानेच गेला, यात विचारायचे काय?” वडिलांनी विचारले नाही. तेव्हापासून दरवर्षी चतुर्दशीला सखारामांचे पान पडते. घरात सर्वांना तापाची गोष्ट ठाऊक आहे. वेशीबाहेर ती कोणी बोलत नाही. शास्त्रात ही तिथी वेगळी काढली आहे ती अपमृत्यूची म्हणून. गावाने मात्र तिला मानाचे पान करून टाकले. त्या मानासाठी एका माणसाला त्याच्या स्वतःच्या दिवशी घासभर भात मिळालेला नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर. दिमापूर ते कोहिमा

दिल्लीचा मुक्काम आणि दिमापूरचे विमान यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. नागालँडात शिरण्यास परवाना लागतो. तो आधीच काढून ठेवावा.

दिमापूरचे मैदान संपते आणि रस्ता एकदम डोंगरात शिरतो. रस्ता रुंद करण्याचे काम चालू आहे. एका बाजूस कापलेला लाल कडा, दुसऱ्या बाजूस दरी, मध्ये धूळ. कसारा घाट ओलांडणाऱ्या नाशिककराने घाटाचा गर्व करू नये, हे या रस्त्यावर समजते. दोन ठिकाणी दरड पडलेली होती. आमचा चालक केवी हा पस्तिशीचा, अंगामी जमातीचा नागा. थांबल्यावर तो शांतपणे सुपारी खाई आणि हिंदीत एवढेच म्हणे, “पहाड है. अपना टाइम लेगा.”

पाहणाऱ्यास ही झाडी रमणीय वाटेल. मी मात्र पाणथळ, सावली आणि उतार पाहत होतो. पशुवैद्यकीय खात्यातील नोकरीने मला ती सवय लावली आहे. लादलेले खेचर या चढावर किती वेळ चालेल, कोणत्या ओढ्यावर डास असतील, खोगिराखाली पाठ कुठे सोलेल. पावसात तर हा सगळा डोंगर चिखल होऊन खाली येत असणार, आणि चौदाव्या सेनेने जपान्यांचा पाठलाग भर पावसाळ्यातच केला.

या सेनेचा इतिहास थोडक्यात असा. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढण्यासाठी ती १९४३ मध्ये उभारली गेली. तीत ब्रिटिश होते, गुरखे होते, आफ्रिकी होते, पण निम्म्याहून पुष्कळ अधिक भारतीय होते. १९४४ च्या वसंतात जपानी सैन्य कोहिमापर्यंत पोचले. तेथे त्याला रोखले, मागे लोटले आणि पुढील वर्षी ही सेना रंगूनला पोचली. युरोपातील लढाईच्या बातम्यांत तिला जागा मिळेना, म्हणून तिचे गोरे सैनिक स्वतःला ‘विसरलेली सेना’ म्हणवीत. आज पुस्तकांत, पाट्यांवर, सहलींच्या जाहिरातींत हाच शब्द मोठ्या कौतुकाने वापरतात. मला त्याचा संताप येतो. विसरण्यासाठी आधी कोणी आठवण ठेवलेली असावी लागते. खेचरवाल्याची आठवण कोणी ठेवली होती?

आणि त्या सेनेचा मोठा शत्रू ताप होता. गोळीने घायाळ झालेल्यांच्या कितीतरी पट माणसे हिवतापाने, आमांशाने, गोचीडतापाने खाटेला खिळली. सेनापतींनी शेवटी हुकूम काढला, की प्रत्येकाने रोज अधिकाऱ्यासमोर पिवळी गोळी गिळावी. त्या गोळीने कातडी पिवळी पडे. पुरुषत्व जाते अशी अफवा उठली आणि कित्येक जण ती जिभेखाली धरून थुंकून टाकीत. सखारामांनी गिळली की थुंकली, हे सोबत्याने सांगितले नाही. जंगलात आवाज जाऊ नये म्हणून काही तुकड्यांत खेचरांच्या गळ्यावर शस्त्रक्रिया करून त्यांचा आवाज बंद करीत. माझ्या व्यवसायातील कोणीतरी ते केले. असे मूक जनावर आजारी पडले तर कण्हण्यावरून ओळखता येत नाही. डोळ्यांवरून ओळखावे लागते.

हे सगळे मी गाडीत दिगंबरला सांगत होतो. तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, “नाना, हे समदं खरं हाय. पन दगडावर काय लिव्हायचं? खेचरं हाकली आन ताप आला? पलीकडच्या गावात दगडावर तोफ कोरलीय. तोफ! आपल्या पोरांनी काय सांगायचं?”

“जे झाले ते.”

“तुमचं बरंय. तुम्ही नाशकात राहता. गावात मला राहायचंय.”

संध्याकाळी कोहिमा. शहर डोंगराच्या पाठीवर चढत गेलेले, घरावर घर. थंडी आपल्या पौषातील थंडीहून अधिक. रस्त्याकडेला गुलाबी फुलांनी भरलेली झाडे होती. आम्ही उतरलो ते घर विनुओबाईंचे. त्या निवृत्त शिक्षिका, वय सत्तरीच्या आसपास. चार खोल्या पाहुण्यांना देतात. केवी त्यांचा भाचा. जेवणात ‘गाल्हो’ नावाचा पदार्थ होता. तांदूळ आणि रानातल्या पालेभाज्या एकत्र शिजवून केलेला मऊसर भात. आपल्या खिचडीचा सख्खा भाऊ, फक्त फोडणी नाही आणि तेलही नाही. आजाऱ्याला द्यावा असा. मला तो आवडला. बाजूला वाटीत राजा मिरचीची चटणी होती. बाईंनी सावध केले. दिगंबर म्हणाला, “बाई, आमी नाशिकवाले. ठेचा खाऊन मोठे झालो.” त्याने बोटभर चाटली. पुढचा बराच वेळ तो अंगणातील नळाखाली होता. केवी हसून जमिनीवर बसला. विनुओबाई हसल्या नाहीत. त्यांनी केळे सोलून त्याच्या हातात दिले.

गुरुवार, १३ नोव्हेंबर. स्मारकावर

स्मशानभूमी शहराच्या मधोमध, टेकडीच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जाते. गवत कातरलेले, दगड स्वच्छ, फुलझाडे नेमाने लावलेली. देखभालीबद्दल एक शब्दही वावगा बोलता येणार नाही. मध्ये एक टेनिसचे मैदान आहे. इंग्रज अधिकाऱ्याच्या बंगल्याचे. त्याच्या दोन बाजूंना दोन सैन्ये हातघाईवर आली होती. मैदानाच्या रेषा पांढऱ्या दगडांनी राखल्या आहेत.

त्या रेषांवर एक सहल उभी होती. आमच्याच राज्यातली, बोलण्यावरून पुण्याकडची असावी. पंधरावीस स्त्रीपुरुष, एकसारख्या टोप्या. दोघे काल्पनिक रॅकेटने चेंडू मारण्याचा अभिनय करीत होते आणि तिसरा त्याचे चित्रण करीत होता. त्यांचा वाटाड्या हिंदीत लढाई सांगत होता. इंग्रज कर्नल, इंग्रज सार्जंट, इंग्लंडच्या खेड्यातील एकोणीस वर्षांचा पोरगा. तो पोरगा खराच होता, त्याचा दगड तेथेच होता, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. एका बाईंनी वर बोट दाखवून विचारले, “आणि तिकडे वर काय आहे?”

वाटाड्या म्हणाला, “ऊपर कुछ नहीं, मॅडम. सिर्फ नाम हैं.”

ते सगळे खाली वळले.

मी त्यांना थांबवले. माझा आवाज चढला असावा, कारण दिगंबरने माझी बाही धरली. मी म्हणालो, “वर तुमच्या माझ्या गावची माणसे आहेत. हिंदू आणि शीख सैनिकांचे दहन झाले, म्हणून त्यांना थडगी नाहीत, फक्त नावे आहेत. तुम्ही इतक्या लांब येऊन टेनिस खेळून परत चाललात.”

एक गृहस्थ म्हणाले, “आजोबा, गुडघ्यांचा प्रॉब्लेम आहे हो. आणि लंचची वेळ झालीय.”

“माझेही गुडघे आहेत,” मी म्हणालो आणि चढू लागलो. मागून कोणी आले नाही. एक बाई दोन पायऱ्या आली, मग नवऱ्याने हाक मारली म्हणून परत गेली.

दहनस्मारक अगदी माथ्यावर आहे. नावे पलटणींप्रमाणे लावलेली, इंग्रजी अक्षरांत. मराठे दिसले, डोग्रा दिसले, शीख दिसले. रसद आणि वाहतुकीच्या विभागाखाली शोधताना माझा चष्मा दोनदा पुसावा लागला. दिगंबरला नाव आधी सापडले. त्याने त्यावर बोट ठेवले आणि बराच वेळ काढले नाही. सखाराम खंडू. हुद्दा ‘ड्रायव्हर’. खेचर चालवणाऱ्यांचा तेव्हा तोच हुद्दा होता.

दिगंबर सावरला तो नको तितका. “ड्रायव्हर! नाना, म्हंजी रणगाडा बी आसंल की! कोन म्हनतं खेचर?”

“मी म्हणतो. आणि त्यांच्या शेजारी झोपणारा माणूस म्हणाला होता.”

त्याने गुंडाळी सोडली आणि फ्लेक्स स्मारकाला टेकवून मोबाईल माझ्या हातात दिला. “एक फोटो काढा. गावाला पाठवतो.” तेवढ्यात देखभाल करणारा माळी आला. साठीचा, हातात कातर. त्याने नम्रपणे पण ठामपणे सांगितले, की येथे काहीही लावता येत नाही, टेकवताही येत नाही. दिगंबरने त्याला समजावण्याचा प्रयत्न केला, की हे याच नावाचे चित्र आहे. माळ्याने चित्राकडे पाहिले, नावाकडे पाहिले.

दिगंबरने त्याला विचारले, “भैया, ये बताओ. इनमें से गोली से कौन मरा और बीमारी से कौन मरा, कहाँ लिखा है?”

“वो यहाँ नहीं लिखते, साहब. किसी का नहीं लिखते.”

“क्यों?”

माळ्याने खांदे उडवले आणि कातर घेऊन निघून गेला.

दिगंबर फ्लेक्स गुंडाळता गुंडाळता मध्येच थांबला. मग म्हणाला, “नाना, एक सांगायचं ऱ्हायलं. दगड झालाय.”

“काय झालाय?”

“अक्षरं खोदून झालीत. निघायच्या आदल्या दिवशीच. ‘शत्रूशी लढता लढता’. आमदारांची तारीख घेतलीय डिसेंबरातली. तुम्ही नाय म्हनला असता.”

मी त्या दिवशी त्याला जे बोललो ते येथे लिहीत नाही. ते मोठ्याने बोललो आणि मराठीत, तेव्हा आसपास कोणाला समजले नसावे. एक वाक्य मात्र लिहितो, कारण ते अजूनही मागे घेत नाही. ज्यांनी त्यांना मरताना पाहिले नाही त्या इंग्रजांनी त्यांचे मरण खोटे केले नाही, ते आपण केले.

तो खाली मान घालून उतरला. उतरताना माझ्या उजव्या बुटाचा तळ निखळला. दिगंबरने फ्लेक्सची दोरी सोडून तो बांधला आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या माझा दंड धरून उतरवल्या. रागावलेल्या माणसाला असे उतरवून घ्यावे लागणे अवघड असते.

त्याच दिवशी, चुलीपाशी

संध्याकाळी विनुओबाईंनी चुलीजवळ बसायला बोलावले. चुलीवर मांस धुरावत टांगलेले होते. आम्ही दोघे एकमेकांशी बोलत नव्हतो, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी विचारले तेव्हा दिगंबरनेच सगळे सांगितले, आपल्या हिंदीत. माझ्यावर थोडी टीकाही केली. बाई हिंदीत बोलत. मी त्यांचे बोलणे मराठीत देतो.

“तुमचे काका कुठे मेले? रस्त्यावर?”

“नाही,” मी म्हणालो. “इस्पितळाच्या तंबूत. खाटेवर.”

“जवळ कोणी होतं?”

“गावाकडचा सोबती होता. त्याने पाणी पाजले.”

बाईंनी लाकूड आत सारले. “मग ते चांगलं मरण. आमच्याकडे जुन्या लोकांचं असं होतं, ख्रिस्ती होण्याच्या आधी. झाडावरून पडून, वाघाने धरून, असा अचानक माणूस गेला की ते वाईट मरण. त्याला नेहमीसारखं पुरत नसत. घरचे लोकसुद्धा जवळ जायला भीत. अंथरुणावर, आपल्या माणसाच्या हातचं पाणी पिऊन मेला तो खरा नशीबवान. त्याचं सगळं रीतीने करत.”

दिगंबर म्हणाला, “बाई, हमारे गाँव में उल्टा है. गोली लगी तो ही नाम है.”

“आमच्या घरातल्याला ना गोळी लागली, ना नाव मिळालं,” त्या म्हणाल्या. “माझ्या आईचा भाऊ. लढाईत सगळा गाव जंगलात पळाला. तो सैन्याची ओझी वाहायला गेला. जखमींना पाठीवर उचलून आणायचा. लढाई संपली, लोक जळलेल्या घरांत परत आले आणि ताप पसरला. तो माझ्या आईच्या मांडीवर मेला. तो सैनिक नव्हता, म्हणून त्या टेकडीवर त्याचं नाव नाही. आई म्हणायची, माझ्या भावाला ताप आला, एवढं तरी खरं सांगत जा. लोक त्याच्याही हातात भाला द्यायला लागले होते.”

केवी हसला. “मावशी, चर्चच्या नाटकात तर मी भाला घेऊन त्यांचंच काम केलं होतं.”

“आणि मी घरी येऊन तुला काय केलं होतं?”

“कान पिळला होता.”

“मग?”

दिगंबर हसला नाही. त्याने बाईंना विचारले, “आईच्या मांडीवर म्हणजे, काही बोलला का तो? शेवटी?”

“ओझं उतरव म्हणाला. ओझं नव्हतंच. तरी आईने खांद्यावरून काही काढल्यासारखं केलं.”

झोपण्यापूर्वी दिगंबर माझ्या खाटेपाशी आला. “आपल्या आजोबांनी शेवटी काय म्हनलं आसंल, नाना?”

“पाणी मागितले. एवढेच ठाऊक आहे.”

“पाजलं ना त्यानं?”

“पाजले.”

“मंग बरं,” तो म्हणाला.

सोमवार, १७ नोव्हेंबर. विंचूर

परतीच्या प्रवासात दिगंबरला थंडी वाजून ताप भरला. दिल्लीत त्याने दोन गोळ्या घेतल्या आणि डॉक्टरकडे जाण्यास नकार दिला. मी त्याला पाणी पाजत राहिलो. त्याच्या लक्षात यावे म्हणून मुद्दाम काही बोललो नाही. नाशिकला उतरल्यावर रक्त तपासून घेतले. साधा सर्दीताप निघाला.

सोमवारी सकाळी पाथरवटाकडे गेलो. विंचूरच्या रस्त्यालगत त्याचे छप्पर आहे. दगड भिंतीला टेकून उभा होता. उंच, काळा, गुळगुळीत. अक्षरे सुबक होती, खोल होती आणि खोटी होती.

पाथरवट म्हणाला, “ही पुसायची नायत, डॉक्टर. एवढी खोल गेलीत. दगड उलटा करावा लागंल. मागली बाजू खडबडीत हाय, टाकी लावून सपाट करू. पन ही अक्षरं मागं ऱ्हातील, भिंतीकडं.”

“राहू देत,” मी म्हणालो. “भिंतीने वाचावीत.”

दिगंबर मागे उभा होता. डोक्याला मफलर, डोळे सुजलेले. पाथरवटाने कागद मागितला. मी बोललो ते दिगंबरने लिहून दिले: सखाराम खंडू. खेचरवाला. चौदावी सेना. कोहिमा येथे तापाने निधन. कार्तिक अमावास्या.

पाथरवटाने वाचून मान वर केली. “तापानं?”

“हां, तापानं,” दिगंबर म्हणाला. “काय आडचन हाय?”

“आडचन नाय. म्हनलं, फोन आला व्हता तवा येगळं सांगितलं व्हतं.”

“तवा मी गेलो नव्हतो तिकडं.”

मग त्याने माझ्याकडे पाहून विचारले, “आन बसवायचा कधी, नाना? आमदारांना काय सांगू?”

“परवा बुधवारी अमावास्या लागते. दुपारी श्राद्ध, त्यानंतर दगड. आमदारांना ज्वारीच्या भाकरीला बोलाव. यायचे तर येतील.”

“अवसेला कोन उद्घाटन करतं, नाना?”

“ज्याचा दिवस आहे तो.”

त्याने फोन काढला आणि बाजूला जाऊन बराच वेळ बोलला. परत आला तेव्हा घामाघूम होता. “साहेब येत नायत. भटजीसुद्धा कुरकुरत व्हते, म्हनले इतकी वर्षं चतुर्दशी चालली, आता का बदलता. म्या सांगितलं, चुकलं व्हतं म्हनून.”

मी त्याला शाबासकी दिली नाही. त्याने ती मागितलीही नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

दुपारी गावी पोचलो. पाथरवटाने रात्र जागून पुरा केलेला दगड ट्रॅक्टरमधून आणून वेशीजवळ आडवा ठेवला होता, नवी अक्षरे वर. रंग अजून ओला होता. पाराखाली काही जण जमले होते. एकाने विचारले, “डॉक्टर, नक्की ताप व्हता? का आणखी काय?” दुसरा म्हणाला, “पलीकडच्या गावाला आता तोंड दाखवायला जागा नाय.” मी उत्तर देणार होतो, परंतु दिगंबरने दिले. त्याने सहलीच्या लोकांचे टेनिस सांगितले, वरची नावे सांगितली, माळी सांगितला. विनुओबाईंच्या मामाचे सांगताना तो थांबला आणि पुढचे सांगितलेच नाही. लोक पांगले. कोणास पटले, कोणास नाही. एका म्हाताऱ्याने मात्र दगडाजवळ येऊन ‘खेचरवाला’ या शब्दावर काठी टेकवली आणि विचारले, “टांगा चालवायचे तेच ना? त्यांच्या घोडीचं नाव काय व्हतं?” मला ठाऊक नव्हते. त्यालाही आठवले नाही.

ट्रॅक्टरच्या धुळीने रंग खराब होईल, म्हणून झाकायला काही हवे होते. दिगंबरने गाडीतून फ्लेक्स काढला. आम्ही दोघांनी तो दगडावर अंथरला, चित्र खाली आणि कोरी बाजू वर. अक्षरांना लागू नये म्हणून दोन्ही कडांना बांबू घातले आणि चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. मग मी घरी आलो, दिव्याखाली बसून उद्याच्या पानासाठी तीळ निवडले आणि वाटीवर झाकण ठेवले.